आधीच दिलेलं मत

इथे आखातात, अजमानमध्ये, ऋतू बदलला हे एसी बंद केल्यावर कळतं. उन्हाळाभर कानात घरघरणारा तो आवाज एका सकाळी थांबवावा, खिडकी उघडावी, आणि घराला एकदम स्वतःचे आवाज फुटावेत. शेजारच्या मल्याळी बाईंचा मिक्सर, मशिदीतली अजान, कुणीतरी बाल्कनीत चादर झटकल्याचा फटका. खाली उभ्या गाड्यांच्या काचांवर दव साचलेलं असतं आणि शाळेची बस धरायला पळणारी मुलं त्यावर बोटाने नावं लिहून जातात. संध्याकाळी कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, कोळशाच्या शेगड्या पेटतात. ऑफिसात लोक एकमेकांना 'वेदर मस्त झालंय' असं पगारवाढ मिळाल्यासारखं सांगतात.

मीही या दिवसांची वाट बघायचे. आता ते मला कडू लागतात. इथे हवा गार व्हायला आणि तिकडे निवडणुका तापायला एकच वेळ सापडते, आणि खिडकी उघडली की वाऱ्याबरोबर मला ती त्या वर्षीची विधानसभा आठवते. निवडणूक तिकडची, नाशिकची. मत माझं नव्हतंच. इथे राहणाऱ्याला तिकडे स्वतः जाऊन मत द्यावं लागतं, आणि मी कधी गेले नाही. मत आप्पांचं होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. जुन्या नाशकात त्यांचं सायकलचं दुकान होतं. भाड्याच्या सायकली, पंक्चर, ओव्हरहॉलिंग. त्या दुकानाच्या फळीवर बसून आमच्या भागातली पक्षाची पहिली शाखा सुरू झाली. पक्षाचं नाव घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, त्या नावाचे आता दोन तुकडे आहेत आणि दोन्ही तुकडे म्हणतात, अस्सल आम्हीच. माझे दोघे भाऊ त्या फळीवर वाढले. पक्ष फुटला तेव्हा थोरला दादा एका तुकड्यात गेला, धाकटा बाळू दुसऱ्यात. आमचा मतदारसंघही तसाच, मधोमध चिरलेला. गल्लीच्या या अंगाला एकाचे झेंडे, त्या अंगाला दुसऱ्याचे. लग्नाच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं हे लोक बघून ठेवायचे.

आई गेल्यावर दुकान आणि त्याच्यावरचं घर विकलं गेलं. दोघांनी फ्लॅट घेतले आणि आप्पा एक महिना इकडे, एक महिना तिकडे असे फिरू लागले. मग दादाच्या मुलाची बारावी आली. बाळूकडे त्याच्या सासूबाई ऑपरेशनसाठी येऊन राहिल्या. प्रत्येक कारण खरं होतं. खोटं काही सापडत नव्हतं, म्हणून भांडताही येईना.

"नंदे, थोडे दिवस तुझ्याकडे ने ना आप्पांना," दादा फोनवर म्हणाला. "तिकडे सगळीकडे एसी. त्यांचा उन्हाळा बरा जाईल."

नाशिकच्या उन्हातून सुटका म्हणून बापाला आखातात पाठवणारा माझा भाऊ बहुधा पहिलाच.

आप्पा आले आणि हळूहळू रुळले. माझी मुलगी ईरा त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, ते तिच्याशी मराठीत, आणि दोघांचं सगळं व्यवस्थित कळायचं. "आजोबा, यू कान्ट कीप द विंडो ओपन, एसी चालू आहे!" ती ओरडायची. ते म्हणायचे, "अगं, बाहेर कोण आहे ते तरी दिसू दे." बाहेर दुपारी कुणीच नसायचं. नुसतं पांढरं ऊन आणि उभ्या गाड्या. आयुष्यभर रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या माणसाला आम्ही बाराव्या मजल्यावर नेऊन ठेवलं होतं.

खाली त्यांना एकच माणूस मिळाला, गुहागरचा सुर्वे. आमच्या मागे उभ्या राहणाऱ्या बिल्डिंगच्या साईटवर तो फोरमन होता. बायकोमुलं गावी, हा इथे खोलीत पाच जणांबरोबर. रविवारी सुट्टीला तो आप्पांना कॉर्निशच्या बाकावर घेऊन जायचा आणि दोघं समुद्राकडे बघत नाशिक आणि गुहागर यांच्या गप्पा मारायचे. दोघांनीही एकमेकांचं गाव पाहिलेलं नव्हतं.

त्या सगळ्या उन्हाळ्यात भावांचे फोन यायचे ते तोंडदेखले. बरे आहात ना, औषध घेता ना, ठेवतो. आणि मग निवडणूक लागली.

पहिला फोन दादाचा. मला वाटलं कुणीतरी गेलं, इतक्या घाईत तो बोलत होता. "नंदे, पंच्याऐंशीच्या वरच्यांना आता घरूनच मत देता येतं. मतदानाच्या दिवसाआधीच अधिकारी पेटी घेऊन घरी येतात. त्याचा अर्ज वेळेत द्यावा लागतो, म्हणून आप्पांना लगेच पाठव. आप्पांच्या फळीवर पक्ष जन्मला. आमच्या भागातलं पहिलं मत आप्पांचं पडलं पाहिजे, आणि ते आपल्याला पडलं हे लोकांना दिसलं पाहिजे."

"आणि नंतर?"

"नंतर काय, घर त्यांचंच आहे. राहतील इथेच."

तासाभरात बाळू. "ताई, आप्पांना माझ्याकडे उतरव. दादा त्यांचं शोपीस करणार."

"आणि तू काय करणार?"

"मी मुलगा आहे त्यांचा!"

"मग दादा कोण आहे?"

त्याने फोन ठेवला.

मी आप्पांना म्हटलं, जाऊ नका. माझा नवरा मिलिंद सहसा माझ्या माहेरच्या भानगडीत पडत नाही, तोही म्हणाला, "आप्पा, एका मतासाठी एवढा प्रवास?" आप्पा त्या वेळी खालच्या पठाणाकडून दाढी करून आले होते आणि पांढऱ्या शर्टाला स्वतः इस्त्री करत होते. मान वर न करता म्हणाले, "मतासाठी कुठे? पोरांनी बोलावलंय."

त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला भीती वाटली. सुर्वे निरोप द्यायला वर आला होता. तो म्हणाला, "आप्पा, तुम्हाला दोन-दोन घरांतनं बोलावणं. माझं पण नाव आहे यादीत. पण नाव तिथं, माणूस इथं. मला कोण बोलावतोय?" आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जिंकलेला माणूस ठेवतो तसा.

शारजा विमानतळावर व्हीलचेअरवर बसून ते आत गेले. वळून हात केला नाही. त्यांना घाई झाली होती.

मुंबईला उतरल्यावरचा व्हिडिओ मला दोघांकडूनही आला. विमानतळाबाहेर दोन हार घेऊन दोन भाऊ, मधे आप्पा. दादाच्या व्हिडिओत बाळूचा हार दिसत नव्हता आणि बाळूच्या व्हिडिओत दादाचा. यादीत पत्ता दादाकडचा होता म्हणून ते दादाकडे गेले. पुढचे दिवस त्यांच्या फोनमधून सुखाचे आवाज यायचे. "अगं, आज शिरा केला होता वहिनीने. रोज माणसं येतात, पाया पडतात. बाळूसुद्धा येऊन गेला." दोन्ही मुलांनी एका आठवड्यात त्यांना जेवढा वेळ दिला तेवढा आई गेल्यापासून दिला नव्हता. मी अजमानमध्ये खिडकी उघडी ठेवून, चहा घेत, हे ऐकायचे आणि म्हणायचे, असू दे. कारण कोणतंही असो, पोटात तर शिराच गेला ना.

घरच्या मतदानाच्या सकाळी वहिनीने व्हिडिओ कॉल लावून फोन शोकेसवर उभा केला. मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत जाऊन बघत होते. दोन अधिकारी, एक पोलीस, एक शूटिंगवाला. हॉलच्या कोपऱ्यात त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. दादाच्या गळ्यात पक्षाचं उपरणं होतं, ते त्यांनी काढायला लावलं. मग एका बाईंचं लक्ष फोनकडे गेलं. "हा बंद करा. मतदान गुप्त असतं," असं म्हणून त्या जवळ आल्या आणि स्क्रीन काळी झाली. शेवटचं दिसलं ते आप्पांची पाठ. पुठ्ठ्याआड वाकलेली, पेन धरलेला हात लपवणारी.

ती माणसं पाकीट घेऊन गेली तसं दादाने उपरणं आप्पांच्या गळ्यात घातलं आणि फोटो काढला. 'पहिलं मत, पहिल्या शिलेदाराचं.' तो फोटो गल्लीभर फिरला. इथे आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरही आला, आणि तिथेही दोन तट होतेच. एकाने अंगठा टाकला, दुसऱ्याने लिहिलं, म्हाताऱ्यांना तरी सोडा. ग्रुपच्या अॅडमिनने सगळं पुसून टाकलं आणि 'नो पॉलिटिक्स प्लीज' लिहून घरगुती फराळाच्या ऑर्डरी मागवल्या.

दुपारी बाळू दादाच्या दारात उभा राहिला. हे मला नंतर वहिनीनेच सांगितलं. "आप्पा, खरं सांगा. कुणाला दिलंत?"

आप्पा म्हणाले, "दिलं. कुणाला, ते पेटीला विचार."

दादा हसला. पण बाळू गेल्यावर त्यानेही विचारलं. "आता घरातलेच आहोत. मला तरी सांगा." आप्पांनी त्यालाही तेच उत्तर दिलं. तिथून सगळं फिरलं. 'आपल्याला दिलं असतं तर सांगितलं असतं,' असं दादाच्या मनाने घेतलं. 'मला दिलं असतं तर उपरणं कशाला घालून घेतलं असतं,' असं बाळूच्या मनाने. माझ्या दोन भावांचं इतक्या वर्षांत एकाच गोष्टीवर एकमत झालं, की बापाने आपल्याला फसवलं.

शिरा थांबला. पाया पडणारे थांबले. त्यांचं मत आता पेटीत होतं आणि पेटीतल्या मताला कुणी जेवायला वाढत नाही. बूथवरच्या मतदानाच्या आदल्या दिवशी दादाने आप्पांची बॅग भरून रिक्षात घातली. "कार्यकर्ते राहायला आलेत, घरात पाय ठेवायला जागा नाही. बाळूकडे जा. त्यालाच दिलंय ना?" बाळूने दार उघडलं, ठेवून घेतलं, पण सकाळी म्हणाला, "आम्ही सगळे बूथवर असणार दिवसभर. तुम्ही दादाकडे बसा, तिथे वहिनी आहे."

आप्पा दादाकडे गेले नाहीत. ते त्यांच्या जुन्या दुकानापाशी गेले. तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. मतदानासाठी ते बंद होतं. आप्पा बॅग शेजारी ठेवून त्याच्या पायरीवर बसले. समोरच्या शाळेत मतदान चालू होतं आणि रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. सकाळी किती टक्के, दुपारी किती टक्के, असं पोरं एकमेकांना ओरडून सांगत होती. दोन्ही तुकड्यांच्या रिक्षा म्हाताऱ्या माणसांना आणून उतरवत होत्या, हाताला धरून आत नेत होत्या. येणारा-जाणारा आप्पांना ओळखायचा. "काय आप्पा, झालं का मतदान?"

"माझं आधीच झालं," आप्पा सांगायचे.

संध्याकाळी मोबाईलवाला दुकान उघडायला आला. त्यानेच आप्पांच्या फोनवरून मला फोन लावला. "ताई, सकाळपासून बसलेत म्हणे. पाणी दिलंय. पण घरी जायचं विचारलं की म्हणतात, कुठल्या?"

मी त्याच रात्री विमानात बसले. मिलिंदने व्हिसाचं हातात घेतलं. मोबाईलवाल्याने आप्पांना स्वतःच्या घरी नेलं होतं आणि त्याच्या आईने त्यांना खिचडी दिली होती. परक्या घरात, परक्या गादीवर माझा बाप भिंतीकडे तोंड करून झोपला होता. नाशकात असेपर्यंत मी भावांना भेटले नाही. त्यांना वेळही नव्हता, मतमोजणीची तयारी चालली होती. निकाल लागला तेव्हा आम्ही मुंबईच्या विमानतळावर होतो. दादाचा तुकडा थोडक्यात निवडून आला. इतक्या थोडक्यात की फेरमोजणी झाली. आप्पांनी मोबाईलवर निकाल पाहिला आणि म्हणाले, "दादाचा घसा बसला असेल ओरडून."

मी त्यांना विचारणार नव्हते. त्यांनीच सांगितलं, अजमानला आल्यावर, एका सकाळी. खिडकी उघडी होती, खाली कुणीतरी गाडीच्या काचेवरचं दव पुसत होतं.

"त्या कागदावर दोघांच्याही पक्षाची चिन्हं होती, नंदा. मी दोघांपुढेही खूण केली."

"आप्पा, मग ते मत बाद झालं."

"मला शिकवतेस? कागदाच्या मतपत्रिका होत्या तेव्हा किती निवडणुका मोजणीला बसलोय मी. बादच होतं. ठाऊक होतं."

माझं डोकं भणभणलं. जे मत कुणालाच पडलं नव्हतं त्याच्यासाठी हा माणूस दिवसभर पायरीवर बसला होता. मी फोन उचलला. दोघांनाही कॉन्फरन्सवर घेऊन ऐकवणार होते. आप्पांनी माझा हात धरला.

"नको सांगूस. मी वाट बघत होतो, की एकजण तरी म्हणेल, आप्पांनी मलाच दिलं असणार. दोघांपैकी एकाला तरी वाटायला हवं होतं गं." त्यांनी माझा हात सोडला. "दोघांनाही वाटलं नाही."

तो ऋतू असा संपला. त्या वर्षी थंडी छान पडली होती म्हणतात. मला आठवत नाही.

आता आप्पा आमच्याच व्हिसावर, आमच्याकडेच असतात. सुर्वेची साईट संपली, त्याला कंपनीने खोर फक्कानला हलवलं. कधीतरी त्याचा फोन येतो आणि आप्पा त्याला तिकडच्या समुद्राबद्दल विचारतात. ईरा कॉलेजात जायच्या वयाची झाली. आप्पा भिंत धरून चालतात. आणि तिकडे आता महापालिका लागली आहे.

या वेळी गंमत अशी की वरच्या लोकांनी हातमिळवणी केली. दोन्ही तुकडे एकत्र लढताहेत. मागच्या आठवड्यात फोनवर बॅनरचा फोटो आला. दादा आणि बाळू शेजारी शेजारी, हात जोडून, एकाच रंगाच्या जॅकिटात. बापाने दोघांना एका कागदावर आणलं तर ते मत बाद होतं. वरून आदेश आला की चालतं.

माझा जळफळाट झाला. आप्पांनी मात्र चष्मा लावून तो फोटो मोठा करून, सरकवून सरकवून पाहिला. "एकत्र आली पोरं," म्हणाले. "बरं झालं. बाळू वाळलाय का गं?"

त्या दिवसापासून ते फोन उशाशी घेऊन झोपतात. रेंज आहे का म्हणून ईराला विचारतात. दाढी वेळेवर करतात. ते काय करताहेत हे मला उशिरा कळलं, आणि कळल्यावर राहवेना. काल सुट्टी होती. मी दादाला फोन केला.

"दादा, आप्पांना एक फोन कर."

"करतो गं. पण त्यांना सांग, या वेळी घरून मतदान नाही. महापालिकेला ती सोय नसते. आणि बूथवर न्यायचं तर त्यांना कुठे झेपणार?"

"मी मताचं बोलत नाहीये."

"मग कशाचं?" दादाने विचारलं. चिडून नाही. त्याला खरंच कळलं नव्हतं.

मागे कॉर्नर मीटिंगचा लाऊडस्पीकर चालू होता. त्याने 'नंतर बोलू' म्हणून ठेवला. मी वळले तर आप्पा दारात उभे.

"काय म्हणाला?"

सांगू नये असं वाटलं. पण खोटंही सुचेना. "या वेळी घरून मतदान नाही म्हणाला. बूथवर जावं लागतं. तुम्हाला झेपणार नाही म्हणाला."

"एवढंच ना?" आप्पांनी भिंतीवरचा हात काढला. "मी चालतो की. त्यांनी मला चालताना पाहिलंच कुठे इतक्यात? ईरा, तुझा तो फोन आण. व्हिडिओ काढ."

"आजोबा, यू विल फॉल," ईरा म्हणाली, पण तिने फोन धरला.

आप्पा हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. सोफ्याला हात न लावता, मान वर करून, रांगेत पुढे सरकणाऱ्या माणसासारखे. टोकाशी वळताना त्यांचा तोल गेला. मी पुढे झाले तर त्यांनी हाताने मला मागे सारलं. वळले आणि परत आले. "पाठव," म्हणाले. "दोघांनाही पाठव."

मी पाठवला. थोड्या वेळाने निळ्या खुणा उमटल्या. आधी बाळूच्या, मग दादाच्या. उत्तर आलं नाही.

"पाहिला का त्यांनी?"

"पाहिला, आप्पा."

ते खुर्चीत बसले. छाती वरखाली होत होती, कपाळावर घाम आला होता, आणि ते हसत होते.

"बघ आता," म्हणाले, "येईल फोन."